पिनहोल टेस्ट पास, तरी तलावाच्या भिंतीला भोके

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो; समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, एक जुना मातीचा तलाव. भिंतीची उंची १२ मीटर. दोन पावसाळ्यांपासून बाहेरच्या उतारावर मनगट जाईल एवढी भोके पडू लागली आहेत आणि पावसानंतर त्यांतून दुधाळ पाणी येते. दुरुस्तीसाठी मातीचे रिपोर्ट काढले: काळी माती, वर्ग सीएच (म्हणजे जास्त चिकट चिकणमाती), प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकटपणाचा आकडा) ३१, पाझर नगण्य. सल्लागाराने 'इरोजन टेस्ट' करायला सांगितली. प्रयोगशाळेने पिनहोल (मातीत सुईने भोक पाडून त्यातून पाणी सोडण्याची टेस्ट) केली आणि निकाल दिला एनडी १, म्हणजे सगळ्यांत सुरक्षित वर्ग. तुमचा सवाल असा की माती एवढी गुणाची असेल तर भोके कशाने पडली, आणि आता आणखी कोणती टेस्ट करायची.

रिपोर्टची पाने तुम्ही पाठवलीत हे फार बरे केले. निकालाचा तक्ता मी नंतर पाहिला. आधी शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या टिपा वाचल्या, कारण सवय तीच आहे. तिथे लिहिले आहे: 'चाचणीसाठी वापरलेले पाणी: बोअरवेल'. प्रयोगशाळा तुमच्याच भागातली दिसते. म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या बोअरचे पाणी! तो एनडी १ तिथेच खोडून टाका.

असे का म्हणतो ते सांगतो. तुमच्याकडचा कोणताही शेतकरी ज्या जमिनीला चोपण म्हणतो, तीच ही माती. ओली झाली की गिलाव्यासारखी पसरते, वाळली की कुदळ उडते. तिच्या चिकणकणांवर सोडियम बसलेला असतो. चिकणमातीचे कण ऋणभारित, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. मध्ये कॅल्शियम असला तर तो दोघांना घट्ट बांधून ठेवतो. सोडियमला ते जमत नाही, तो कणाभोवती सैल ढगासारखा राहतो आणि कण सुटे होतात. मात्र आजूबाजूच्या पाण्यातच भरपूर क्षार असतील तर तो ढग आकसतो, कण जवळ येतात आणि गुठळी टिकते. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी नितळ दिसते आणि त्याच गावातल्या शेतात साचलेले पावसाचे पाणी आठ-आठ दिवस निवळत नाही. प्रयोगशाळेने तुमच्या मातीला खारे पाणी दाखवले, ती शहाण्यासारखी बसली. तलावाच्या भिंतीवर पडते ते पावसाचे पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. एएसटीएम डी ४६४७ या अमेरिकी मानकात पिनहोलसाठी डिस्टिल्ड वॉटर सांगितले आहे ते उगाच नाही.

आता टेस्ट स्वतः कशी चालते ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे रिपोर्टमधले बाकीचे आकडे तुम्हाला स्वतः वाचता येतील. सुमारे ३३ मिमी व्यासाच्या नळीत मातीचा ३८ मिमी लांबीचा नमुना ठोकायचा. दोन्ही बाजूंना बारीक खडी आणि जाळी. मधून १ मिमी जाडीच्या सुईने आरपार भोक पाडायचे. मग नळी आडवी ठेवून त्या भोकातून पाणी सोडायचे: आधी ५० मिमी उंचीचे, माती टिकली तर १८० चे, मग ३८० चे, शेवटी १०२० चे. पाणी किती मिलिलिटर येते ते घड्याळ लावून मोजायचे आणि मोजपात्र उजेडात धरून रंग बघायचा. बाजूने बघायचा आणि वरूनही बघायचा; वरून बघितले की फिकट गढूळपणा चटकन कळतो. डिस्पर्सिव्ह माती, म्हणजे पाण्यात जिचे कण आपोआप सुटे होतात ती, पहिल्याच ५० मिमीला उघडी पडते. पाणी चहासारखे येऊ लागते, पाच मिनिटांत धार मोठी होते, आणि नमुना चिरून पाहिला की १ मिमीच्या भोकाचे २ मिमी किंवा त्याहून मोठे झालेले असते. तो वर्ग डी १. एनडी १ मिळवायला मातीला १०२० मिमीलाही पाणी स्वच्छ ठेवावे लागते आणि भोक होते तेवढेच राहावे लागते.

'नमुना चिरून' हे दोन शब्द विसरू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये शेवटचा भोकाचा व्यास लिहिलेलाच नाही. काळी माती फुगते. १ मिमीचे भोक ती दोन-चार मिनिटांत स्वतःच बुजवून टाकते, धार मंदावते, पाणी स्वच्छ येते, आणि नवखा माणूस आनंदाने 'एनडी १' लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात भोक तुंबलेले असते. धार कमी होताना दिसली की नळी उघडून पुन्हा सुई घालायची आणि टेस्ट पुन्हा सुरू करायची. शेवटी नमुना बाहेर काढून उभा चिरायचा आणि भोकावर सुईच ठेवून व्यास ताडून बघायचा. हे केले नसेल तर तो निकाल मी मोजत नाही, पाणी कोणतेही वापरलेले असो.

नमुना वाळवला होता का, तेही विचारा. इथे माझी स्वतःची एक चूक कबूल करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, बाकीच्या सगळ्या टेस्टना करतो तसे म्हणून, पिनहोलची माती मी रात्रभर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली, सकाळी कुटली, चाळली, पाणी घालून ठोकली. निकाल छान आला. आमचे साहेब काही बोलले नाहीत. पोत्यातल्या उरलेल्या ओल्या मातीचे एक ढेकूळ त्यांनी चिमटीत धरले, काचेच्या भांड्यात सोडले आणि चहाला निघून गेले. परत आले तेव्हा भांड्याच्या तळाशी धुके पसरले होते. ओव्हनमध्ये मातीचा स्वभाव बदलतो. पिनहोल आणि ढेकळाची टेस्ट, दोन्हींसाठी माती जागेवरच्या ओलाव्यातच, बंद पिशवीत आणलेली हवी.

ती ढेकळाची टेस्ट, म्हणजे क्रंब टेस्ट, तुम्ही आज संध्याकाळी घरीच करू शकता. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणा. काचेच्या पेल्यात ओता, बोराएवढे ओले ढेकूळ हळूच तळाशी सोडा आणि हात लावू नका. दोन मिनिटांनी बघा, तासाने बघा, सहा तासांनी बघा. इथे बरेच जण एका गोष्टीत फसतात. ढेकूळ ढासळले, त्याची रास झाली, तर ते नुसते विरणे आहे; काळ्या मातीची बरीच ढेकळे तेवढे करतात. बघायचे ते राशीच्या कडेचे पाणी. ते स्वच्छ असेल तर ठीक. कडेने दुधाळ पदर सुटून तळभर पसरू लागला तर माती डिस्पर्सिव्ह. मात्र ही टेस्ट एकाच बाजूने बोलते: पाणी दुधाळ झाले तर विश्वास ठेवा; नाही झाले तर माती निर्दोष ठरली असे समजू नका. काही डिस्पर्सिव्ह माती या पेल्यात गप्प बसतात आणि पिनहोलमध्ये बोलतात.

सीएच आणि ३१ चा प्लॅस्टिसिटी इंडेक्स बघून 'माती चांगली' असे म्हणण्याची सवय आपल्याकडे खोल रुजलेली आहे, म्हणून त्यावर दोन शब्द. या इंडेक्ससाठी लिक्विड लिमिट (किती ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते ते) काढताना आपण माती पाण्यात मळून तिचा लगदा करतो. वाहत्या पाण्याखाली पृष्ठावरचा कण शेजाऱ्याला किती घट्ट धरून राहतो, याचा त्या लगद्याशी काही संबंध नाही. कॅल्शियमची माती आणि सोडियमची माती, दोन्ही सीएचमध्ये बसू शकतात. हायड्रोमीटरचे, म्हणजे बारीक कणांचा आकार मोजणाऱ्या टेस्टचे, तर त्याहून गमतीचे. कण सुटे व्हावेत म्हणून आपण त्यात सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट मुद्दाम घालतो. चोपण मातीत निसर्गाने तेच काम आधी करून ठेवलेले असते. यावरच डबल हायड्रोमीटर उभी आहे: एकदा रसायन घालून, ढवळून नेहमीसारखी टेस्ट करायची, एकदा रसायन आणि ढवळणे दोन्ही वगळून. दुसऱ्या खेपेस आपोआप सुटे झालेले चिकणकण पहिल्या खेपेच्या किती टक्के आहेत ते काढायचे. ३० च्या आत असेल तर काळजी नाही, ५० च्या वर असेल तर माती डिस्पर्सिव्ह, मधले संशयित. जोडीला कृषी विद्यापीठाच्या मृद प्रयोगशाळेतून विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण काढून घ्या. शेतीच्या पुस्तकात १५ टक्क्यांच्या वर जमीन चोपण मानतात; भराव करणाऱ्याने मात्र ७ ते १० च्या पुढेच सावध व्हावे.

आणखी टेस्टच्या नावांत शिरण्याआधी तुमच्या भोकांबद्दल एक शंका. 'पावसानंतर दुधाळ पाणी येते' असे तुम्ही लिहिले आहे. तलाव किती भरलेला असताना? जूनमध्ये वळवाच्या दोन सरी पडल्या, तलावात अजून टिपूस नाही, आणि तरीही भोकांतून पाणी आले असेल, तर ते तलावाचे पाणी नाहीच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीच्या माथ्यावर बोटभर रुंद भेगा पडतात. पावसाचे पाणी त्या भेगेत उतरते, आतून माती विरघळवत वाट करते आणि उताराच्या मध्यावर कुठेतरी बाहेर पडते. वरून दिसते ते तोंड लहान असते, आत घडा मावेल एवढी पोकळी. माथ्यावर चाला, टाचेने ठोकत चाला. पोकळ आवाज येईल तिथे खोदा. ही भोके भिंत लगेच फोडत नाहीत. पण पुढे कधीतरी तलाव काठोकाठ भरला आणि यातले एखादे आतल्या उतारापर्यंत पोचलेले असले, तर पाण्याला आयती वाट मिळते.

आणि इथे दुसरा प्रश्न सुरू होतो, जो पिनहोल सोडवत नाही. माती डिस्पर्सिव्ह आहे का, हा झाला पहिला. आरपार वाट पडली तर ती किती वेगाने रुंद होईल, हा दुसरा. डिस्पर्सिव्ह नसलेली मातीही झपाट्याने वाहून जाऊ शकते. शेरार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिनहोल टेस्ट १९७६ मध्ये मांडली. त्याच वर्षी ५ जूनला अमेरिकेच्या आयडाहो राज्यातले टेटन धरण पहिल्यांदा भरतानाच फुटले, ११ माणसे गेली. त्याचा गाभा वाऱ्याने आणून साठवलेल्या गाळमातीचा होता, तिच्यात चिकणपणा जेमतेम. सकाळी गळती दिसली आणि दुपारच्या आत धरण गेले.

आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा राज्यभर खेकड्यांची चर्चा झाली. त्या धरणाच्या कारणांत मी शिरत नाही. मात्र त्या दिवसांत लोक मला विचारायचे, खेकडा धरण फोडू शकतो का? भोक खेकड्याने पाडले, झाडाच्या मुळाने की विमोचकाच्या (तलावातले पाणी सोडण्याच्या) पाइपालगत धुम्मस नीट न बसल्याने, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. पडलेल्या भोकाचे माती पुढे काय करते, तेवढे आम्ही सांगू शकतो.

ते सांगणारी टेस्ट म्हणजे होल इरोजन टेस्ट. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात वान आणि फेल यांनी ती या शतकाच्या सुरुवातीला बसवली. कल्पना पिनहोलचीच, पण अंग मोठे. प्रॉक्टरच्या साच्यात (ठोकलेल्या मातीची घनता काढायचा नेहमीचा साचा) माती ठोकायची, मधोमध ६ मिमीचे भोक ड्रिलने पाडायचे, आणि पाण्याची पातळी स्थिर ठेवून धार दर काही सेकंदांनी मोजत राहायचे. धार वाढते म्हणजे भोक रुंद होते आहे. धारेवरून उलट हिशोबाने त्या-त्या क्षणाचा व्यास काढायचा. शेवटचा व्यास मात्र खरा लागतो, म्हणून टेस्ट संपल्यावर भोकात वितळलेले मेण ओततात. मेण थिजले की साचा फोडून ती कांडी बाहेर काढायची आणि व्हर्नियरने ठिकठिकाणी मोजायची. कांडी हातात घेतली की आकड्यांत न दिसणारे पुष्कळ दिसते: तोंडाशी कर्ण्यासारखी उघडलेली, मध्ये एका थरापाशी फुगवटा आलेला. तो फुगवटा म्हणजे ठोकताना दोन थरांमध्ये खरवडायचे राहून गेले. भिंतीत रोलरच्या दोन थरांमध्ये नेमके तेच होते.

पाणी वाहताना पृष्ठाला जे ओढते, त्याला आम्ही शिअर स्ट्रेस म्हणतो. या भोकात तो काढणे सोपे आहे: पाण्याचे एकक घनफळाचे वजन गुणिले उतार (पाण्याची उंची भागिले भोकाची लांबी) गुणिले व्यास, भागिले चार. आपल्या १००० घनसेंमीच्या साच्याची उंची १२७ मिमी. २०० मिमी पाणी ठेवले तर उतार १.५७, आणि ६ मिमीच्या भोकात शिअर स्ट्रेस सुमारे २३ पास्कल. भोक १२ मिमी झाले की उतार तोच असताना तो ४६ होतो. भोक जितके मोठे, पाण्याची ओढ तितकी जास्त, म्हणून ते आणखी वेगाने मोठे. धरणे तासांत जातात ती या चक्रामुळे.

टेस्टमधून दोन गोष्टी मिळतात: किती पास्कलपर्यंत माती हलत नाही, आणि त्यापुढे प्रत्येक पास्कलमागे किती वेगाने झिजते. दुसरा आकडा फार लहान असतो, म्हणून त्याचा लॉग घेऊन, उणे चिन्ह काढून इंडेक्स देतात. २ च्या खाली असेल तर माती अत्यंत वेगाने जाते, ६ च्या वर असेल तर जवळजवळ हलत नाही. एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट. रिपोर्ट वाचणारे ३ आणि ५ यांत 'थोडाच फरक' बघतात, म्हणून तुमच्याच तलावावर हिशोब करून दाखवतो. भोकाच्या वर १० मीटर पाणी, भोकाची लांबी ५० मीटर, म्हणजे उतार ०.२. मातीची कोरडी घनता घनसेंमीला १.६ ग्रॅम. सुरुवातीला अंगठ्याएवढे, २५ मिमीचे भोक. माती कोणत्या पास्कलला हलू लागते तो भाग बाजूला ठेवला तर इंडेक्स ३ असताना हे भोक सुमारे १९ मिनिटांत दुप्पट होते. इंडेक्स ५ असताना सुमारे ३१ तासांत. २५ मिमीचे ४०० मिमी व्हायला चार वेळा दुप्पट व्हावे लागते. पहिल्या मातीत सव्वा तास, दुसरीत पाच दिवसांहून जास्त. सव्वा तासात तुमचा चौकीदार फोन करून गावच जागे करू शकेल. पाच दिवसांत विमोचक उघडून तलाव उतरवता येईल. शिवाय २५ मिमीच्या भोकात शिअर स्ट्रेस जेमतेम १२ पास्कल येतो, इंडेक्स ५ ची माती तेवढ्याला कदाचित हलणारही नाही.

हे कागदावरचे गणित आहे. भोकाचे छत कोसळते, ते मध्येच तुंबते, पाणी उतरते. पण ३ आणि ५ मधले अंतर समजायला एवढे पुरेसे आहे.

जेट टेस्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरच्या कृषी संशोधन केंद्रात ग्रेग हॅन्सन यांनी ती घडवली. मातीवर पाण्याखालून उभी धार मारायची आणि खड्डा किती खोल जातो ते टोकदार मापाने मोजत जायचे. सुमारे ६ मिमीची नोझल, आणि सगळे साहित्य जीपमध्ये बसते, त्यामुळे भिंतीवरच, न हलवलेल्या मातीवर ती करता येते. मला ती आवडते. फक्त जेटचे आकडे आणि होल टेस्टचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडू नका. एकाच मातीवर जेट झिजेचा वेग दहापट किंवा त्याहूनही जास्त दाखवू शकते आणि माती हलू लागण्याची मर्यादा पुष्कळ खाली. जेट मातीला आपटते, ढेकळे उखडते. होल टेस्ट घासते. कोणती खरी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही; दोन वेगळी भांडणे आहेत. टेक्सासच्या ब्रियॉ यांचे यंत्रही आहे: शेल्बी नळीतला (जमिनीतून नमुना काढायच्या पातळ नळीतला) नमुना आयताकृती पाइपाच्या तळातून १ मिमी वर ढकलायचा आणि वरून पाणी सोडून तो किती वेळात कापला जातो ते बघायचे. ते पुलाच्या पायांसाठी. तुमच्या कामाला नको. 

आता तुमच्या दुरुस्तीला सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल ते. माती तीच, घनताही जवळपास तीच, पण ठोकताना ओलावा किती होता यावर झिजेचा वेग अनेक पटींनी बदलतो. ऑप्टिममपेक्षा, म्हणजे माती सगळ्यांत घट्ट ठोकली जाते त्या ओलाव्यापेक्षा, कोरडी ठोकलेली काळी माती म्हणजे कडक ढेकळांची रचलेली भिंत. रोलरने ढेकळे दाबली जातात पण एकजीव होत नाहीत, मधल्या फटींतून पाणी शिरते आणि एकेक ढेकूळ निघत जाते. ऑप्टिममपेक्षा किंचित ओली ठोकली की ढेकळे मळली जातात आणि माती एकसंध होते. ठेकेदाराला कोरडी सोयीची, कारण रोलरला चिकटत नाही आणि पाण्याचा टँकर वाचतो. प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांची अट त्यातही पास होते. म्हणून प्रयोगशाळेला नुसते '९५ टक्के घनतेवर टेस्ट करा' असे लिहू नका. प्रत्येक खदानीच्या मातीचे तीन साचे मागा: ऑप्टिममपेक्षा २ टक्के कोरडा, ऑप्टिममवर आणि २ टक्के ओला. तिन्ही ठोकल्यावर दिवसभर बंद करून ठेवायला सांगा, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा होईल. मग कोरड्याचा इंडेक्स आणि ओल्याचा इंडेक्स शेजारी ठेवा आणि तो कागद साइटवरच्या ऑफिसात लावा. टँकरचे बिल मंजूर करायला दुसरे कारण लागणार नाही.

नमुने किती? डिस्पर्सिव्ह माती एका खदानीतही ठिगळाठिगळाने असते, वीस पावलांवर बदलते. म्हणून महागडी टेस्ट थोडी, स्वस्त टेस्ट भरपूर. खदानीत २० ते २५ जागी, वेगवेगळ्या खोलीवरून ढेकळे घ्या आणि सगळ्यांची क्रंब टेस्ट करा. शिपायालाही शिकवता येते. दुधाळ झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही गटांतून मिळून आठ-दहा पिनहोल, डिस्टिल्ड पाण्याने. जी माती खरेच वापरायची तिच्यावर वर सांगितलेले तीन साचे. जुन्या भिंतीतूनही भोकांच्या शेजारून दोन-तीन न हलवलेले ठोकळे काढा, मेण लावून, कापडात गुंडाळून पाठवा.

माती डिस्पर्सिव्हच निघाली, आणि तुमच्या भागात ती निघणारच असे धरून चला, तर भिंत पाडायची गरज नाही. शेतकरी चोपणीत जिप्सम टाकतो ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी भिंतीच्या बाहेरच्या थरात जिप्सम किंवा २ ते ४ टक्के चुना मिसळता येतो. कॅल्शियम आत जातो, सोडियमला हुसकावतो. किती टक्के, ते पुन्हा पिनहोलनेच ठरवा, कारण जास्त चुन्याने माती ठिसूळ होऊन भेगाळते. माथ्यावर मुरमाचा जाड थर द्या, म्हणजे काळी माती वाळून तडकणार नाही.

पण माझा खरा भरवसा वाळूच्या फिल्टरवर. माती वाहू लागली तरी तिचे कण जिथे अडतील अशी वाळू बाहेरच्या बाजूला असली की भोक वाढत नाही. चिकणमातीसाठी फिल्टर-वाळूचा १५ टक्क्यांचा व्यास (ज्याहून १५ टक्के वाळू बारीक असते तो) मातीच्या ८५ टक्क्यांच्या व्यासाच्या (ज्याहून ८५ टक्के माती बारीक असते त्याच्या) ९ पटींच्या आत ठेवतात. माती डिस्पर्सिव्ह असेल तर ६.५ पटींच्या आत, मात्र ०.२ मिमीपेक्षा बारीक मागायची गरज नाही. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, ठेकेदार क्रश सँड आणेल. त्यात दगडाची भुकटी असते, ओली झाली की ती वाळूला बांधते. बांधलेली वाळू स्वतःच तडकते, आणि तड उघडी धरून ठेवते. मग तो फिल्टर राहत नाही. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. प्लास्टिकच्या पेल्यात ओली वाळू दाबून भरा, परातीत उपडी घाला, पेला उचला. लहान मुले समुद्रावर किल्ला करतात तसा ढीग उभा राहील. मग परातीत कडेने हळूहळू पाणी भरा. पाणी चढेल तसा ढीग घसरून सपाट झाला तर वाळू घ्या. पाण्यातही उभाच राहिला तर ट्रक परत पाठवा.

सध्या एवढेच करा. येत्या पावसात त्या भोकांतून पाणी आले की एका स्वच्छ बाटलीत भरून घ्या, तारीख आणि त्या दिवसाची तलावाची पातळी चिठ्ठीवर लिहून चिकटवा, आणि बाटली कपाटात न हलवता ठेवा. आठवड्याने निवळली का ते मला कळवा. बोअरच्या पाण्याची अशीच दुसरी बाटली शेजारी ठेवा, तिच्यात त्याच भिंतीच्या मातीचे ढेकूळ टाकून.